मेंदूचा कॅन्सर झालेल्या शेजाऱ्यासाठी सोसायटीने करायची वर्षभराची आखणी

इमारतीत कुणाला मेंदूचा कॅन्सर झाल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यात त्या घरी नारळ, अंगारा, साबुदाण्याची खिचडी आणि 'काही लागलं तर हक्कानं सांगा' हे सगळं भरभरून पोचतं. तिसऱ्या महिन्यात बेल वाजायची थांबते. उपचार मात्र तेव्हा ऐन मध्यावर असतात.

मोठ्या माणसांत, मेंदूतच सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी सगळ्यात जास्त आढळतो तो ग्लिओब्लास्टोमा. त्याच्या उपचारांचा नेहमीचा क्रम असा: आधी ऑपरेशन. जखम भरली की साधारण ६ आठवडे रेडिएशन, आठवड्यातले ५ दिवस, म्हणजे ३० खेपा. त्याच काळात रोज टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल. मग महिनाभर विश्रांती, आणि त्यानंतर दर २८ दिवसांतले ५ दिवस कॅप्सूल, असं सहसा ६ महिने. अधूनमधून एमआरआय. वय, तब्येत आणि गाठीचा प्रकार बघून डॉक्टर यात फेरफार करतात, पण बेरीज केली तर वर्ष सरत येतं. तेव्हा मदतही वर्षभर पुरेल अशी आखायला हवी आणि कुणीतरी ती वहीत लिहून ठेवायला हवी. पुढचं सगळं त्या वहीबद्दल आहे. सोसायटीच्या जागी वाडा, भजनी मंडळ, ट्रेकचा ग्रुप किंवा ऑफिस धरलंत तरी चालेल.

आधी मधला माणूस ठरवा

घरच्यांना दिवसातून वीस फोन येतात आणि प्रत्येकाला तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. हे थांबवणं ही पहिली मदत. एकाच माणसाने पुढे व्हायचं, आणि तो घरच्यांनी निवडलेला हवा. सोसायटीचा सेक्रेटरी आपोआप या कामाला लायक ठरत नाही. गप्प बसता येणारा, फोन उचलणारा आणि 'नाही' ऐकून न रुसणारा माणूस शोधा. त्याच्या जोडीला आणखी एक जण ठेवा, कारण तोही कधीतरी गावाला जाणारच.

या दोघांनी घरच्यांकडून तीन गोष्टी विचारून घ्यायच्या. लोकांना काय सांगायचं आणि काय नाही? आजाराचं नाव कोणत्या शब्दात घ्यायचं? पुष्कळ घरांत 'गाठ' म्हणतात, 'कॅन्सर' म्हणत नाहीत. त्यांचा शब्द तोच आपला. आणि भेटायला कधी आलेलं चालेल? मग मदत करणाऱ्यांचा एक छोटा व्हॉट्सॲप ग्रुप करायचा. त्यात रुग्ण नको, घरचेही नकोत. निरोप इतका कोरडा असला तरी पुरे:

'काकांचं रेडिएशन सोमवारपासून. वेळ सकाळी साडेदहा. गाडीसाठी मंगळवार आणि गुरुवार रिकामे आहेत. रात्रीचा डबा फक्त सोम-बुध-शुक्र. फोन करू नये, भेटायचं असल्यास मला विचारा.'

सोसायटीच्या मुख्य ग्रुपवर यातलं काहीच टाकायचं नाही. तिथे पार्किंगचं भांडण चालू असतं आणि त्याच्या खाली कुणाचा एमआरआय रिपोर्ट येणं बरं दिसत नाही.

आजार थोडा समजून घ्या

इतर कॅन्सरमध्ये शरीर थकतं, पण माणूस तोच असतो. इथे गाठ कुठे आहे त्यावर बोलणं, चालणं, बघणं, स्वभाव यांतलं काहीही बदलू शकतं. कपाळामागच्या भागात गाठ असेल तर कालपर्यंत सगळ्यांना कामाला लावणारा माणूस दिवसभर नुसता बसून राहतो, नाहीतर चारचौघांत भलतंच बोलून जातो. बहुतेक लोकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तिथे दुखापत झाली की शब्द सापडत नाहीत; 'चमचा' म्हणायचं असतं आणि 'चप्पल' तोंडातून येतं. डोक्याच्या मागच्या भागात गाठ असली तर एका बाजूचं दिसत नाही, आणि ताटातली अर्धी भाजी तशीच राहते.

औषधंही स्वभावाला हात घालतात. मेंदूची सूज कमी करायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते, चेहरा सुजतो, रक्तातली साखर चढते आणि मांड्यांतली ताकद जाते. हे औषध मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या लेव्हेटिरासिटॅमने काही जण अगदी तापट होतात. तेव्हा काका तुमच्यावर ओरडले तर ते गिळा, आणि खाली जाऊन बाकावर त्याची चर्चा करू नका. 'आता ते पूर्वीचे राहिले नाहीत' हे वाक्य काकूंच्या कानावर जाणार नाही एवढं तरी बघा.

सगळ्याच गाठी सारख्या नसतात. काही सावकाश वाढतात आणि माणसं उपचारांनंतर कित्येक वर्षं कामधंदा करतात. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरला तर उपचारांची वाट निराळी असते. 'आमच्या साडूंनाही अगदी हेच झालं होतं' हे म्हणूनच बहुधा खरं नसतं आणि उपयोगाचं तर मुळीच नसतं. आजार संसर्गाने पसरत नाही. मुलांना त्या घरी पाठवायला हरकत नाही.

गाडीची पाळी लावा

सगळ्यात मोठा भार खेपांचा असतो. मशीनवर काही मिनिटंच लागतात, पण पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरची किंवा विद्यापीठ चौकातली गर्दी, नंबर लागेपर्यंतची वाट आणि परतीचा प्रवास धरला तर सकाळ संपते. रोज रिक्षा करणं खर्चाचं आणि धक्क्यांचं. फिट येण्याचा धोका असल्याने डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रुग्णाने वाहन चालवायचं नाही. स्कूटरवर मागेही बसवू नका. पुण्यात हे पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला दूध आणायलाही गाडीवर जायची सवय.

प्रत्येक खेपेला दोन माणसं हवीत, एक चालवायला आणि एक रुग्णाशेजारी बसायला. पाच वारांना पाच जोड्या लावल्या तर कुणालाच आठवड्यातून एकापेक्षा जास्त सकाळ द्यावी लागत नाही. एकाच जोडीला तोच वार द्या. रुग्णालाही आज कोण येणार ते पाठ होतं. पिशवीत फाइल, पाणी, बिस्किटं, टोपी किंवा स्कार्फ, उलटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक शर्ट असू द्या. रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क लावून तो टेबलाला अडकवतात. बाहेर आल्यावर गालांवर जाळीचे वळ दिसतात. त्याकडे बघून 'अरे बापरे' म्हणू नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून थकवा चढत जातो आणि रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे टिकतो. 'संपलं ना सगळं, आता उठा, फिरा' असं लोक नेमकं तेव्हाच म्हणायला लागतात. तेव्हा झोपू द्यावं.

परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं असेल तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत मिळते. त्याचा दाखला हॉस्पिटलमधून ठरलेल्या नमुन्यात घ्यावा लागतो. तिकिटाचं काम सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त काकांकडे सोपवा. त्यांना आवडतं.

गणपतीचे दिवस वेगळे मोजा. नदीकाठचे ढोल-ताशा पथकांचे सराव कितीतरी आधी सुरू होतात, आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे रस्ते बंद असतात. पेठांत राहणाऱ्यांनी त्या दिवशी हॉस्पिटलपर्यंत कोणत्या रस्त्याने पोचायचं ते आदल्या दिवशीच ठरवावं. शक्य असेल तर रुग्णाला दोन रात्री नातेवाइकांकडे हलवावं. झोप तुटली की फिट येण्याची शक्यता वाढते. आपल्याच मंडळाचा स्पीकर असेल तर तो दुसऱ्या बाजूला वळवून रात्री वेळेत बंद करणं हे मंडळाच्या हातातलं काम आहे.

डबा

स्वयंपाकाच्या बाबतीत उत्साहाला आवर घालावा लागतो. आधी विचारा: साखर वाढली आहे का? वाढली असेल तर प्रसादाचे पेढेही नकोत. टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी घेतात, पुष्कळदा झोपताना, त्याआधी उलटीची गोळी घेऊन. म्हणजे रात्रीचं जेवण सातलाच उरकावं लागतं आणि साडेआठला आलेला डबा कितीही चविष्ट असला तरी वाया जातो. मळमळ असताना फोडणीचा वास नकोसा होतो. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, थालीपीठ असलं साधं चालतं. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ताजं शिजवलेलं द्या. कापून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी, भेळ टाळा.

डबा रुग्णापेक्षाही घरातल्या बाकीच्यांसाठी जास्त लागतो. मुलांना रोज मऊ भात नको असतो. त्यांच्यासाठी बटाट्याची भाजी आणि पोळ्या वेगळ्या पाठवा. साधे डबे वापरा आणि ते परत मिळतील या आशेवर राहू नका; स्टीलच्या डब्याची चौकशी करायला त्या घरी जाणाऱ्या माणसांना मी ओळखते.

जेवणाखेरीजची कामं कुणाला सुचत नाहीत, आणि तीच जास्त अडतात. गॅसचा नंबर लावणं, वीजबिल, औषधं आणणं, मेडिक्लेमच्या झेरॉक्स, आजींना त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, मुलाला क्लासला सोडणं. 'काही लागलं तर सांगा' ऐवजी 'शनिवारी मी भाजी आणणार आहे, तुमची यादी सकाळी पाठवा' असं म्हणा. त्यावर 'हो' म्हणणं सोपं असतं.

भेटायला जाताना

एका वेळी दोघंच, वीस मिनिटं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. दुपारी एक ते चार जायचं नाही. हे पुणेकरांना शिकवावं लागत नाही.

खोलीतला टीव्ही बंद करायला सांगा. ज्या बाजूचं दिसतं त्या बाजूला बसा. 'मी तिसऱ्या मजल्यावरचा अमुक' असं स्वतःच सांगा, 'ओळखलंत का' अशी परीक्षा घेऊ नका. बोलताना अडखळणारा माणूस बहिरा नसतो. आवाज नेहमीचाच ठेवा. एका वेळी एकच प्रश्न, शक्यतो 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा. 'आज काय काय केलंत?' पेक्षा 'चहा घेणार का?' बरं. मग थांबा, आपल्याला जड वाटेल इतका वेळ थांबा. त्यांच्या तोंडचा शब्द त्यांनी मागितल्याशिवाय पुरवू नका. आणि ते समोर बसलेले असताना 'यांना साखर चालते का?' असं काकूंना विचारू नका. त्यांनाच विचारा.

बोलणं गेलेल्या पुष्कळांना पाठांतर जमतं. वाक्य जुळवता येत नाही, पण आरती, पाढे, लहानपणची गाणी सलग येतात. संध्याकाळी चौघांनी जाऊन हळू आवाजात आरती म्हटली, तर ज्यांनी दिवसभर शब्द काढला नाही तेही सूर धरू शकतात. नास्तिकांच्या घरी जुनी सिनेमाची गाणी म्हणा.

काय बोलू नये याची यादी लांब आहे. 'पॉझिटिव्ह राहा' म्हटलं की आजार वाढला तर तो दोषही रुग्णाच्या माथी बसतो. 'तब्येत सुधारलेली दिसतेय, गाल वर आलेत' हे स्टेरॉइडचं काम असतं. अमक्या गावचा काढा, तमक्या महाराजांची पुडी घेऊन जाऊ नका. केमो चालू असताना कोणतीही पुडी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायला हवी. 'रिपोर्ट काय आला?' हे तर विचारूच नका. एमआरआयच्या आधीचे चार दिवस त्या घरात कुणी नीट झोपलेलं नसतं. सांगायचं असेल तर ते मधल्या माणसामार्फत कळेल.

धीर देणारी वाक्यं शोधत बसण्यापेक्षा माणसाला त्याच्या जागेवर ठेवा. काका मंडळाचा हिशेब बघत असतील तर या वर्षीही पावत्या त्यांच्यापुढे ठेवा, शेजारी एक जोडीदार देऊन. चूक झाली तर नंतर गुपचूप दुरुस्त करता येते. काकू भिशीत असतील तर भिशी त्यांच्या घरी न्या, चहा मात्र थर्मासमधून. कट्ट्यावर यायला जमत असेल तर कट्ट्यावर पाठ टेकायची खुर्ची न्या. पत्त्यांचा डाव सावकाश खेळा, पण मुद्दाम हरू नका. ते लगेच कळतं.

फिट आली तर

हे मदत करणाऱ्या प्रत्येकाला आणि वॉचमनलाही पाठ हवं. घड्याळ बघा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, गळ्यापाशी कपडे सैल करा. हात-पाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, वेळ जातो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. नंतर माणूस गोंधळलेला असतो, त्याच्याशी शांतपणे बोला. ५ मिनिटांहून जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, श्वास नीट होईना किंवा डोक्याला मार लागला तर १०८ वर फोन. डॉक्टरांनी फिटसाठी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो कुठे आहे आणि कोण देणार हे आधीच ठरवा.

फिट नसली तरी डोकं भयंकर दुखणं आणि उलट्या, न उतरणारी गुंगी, हातापायात नव्याने आलेली कमजोरी, किंवा केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करायचा.

रात्री कोणतं गेट उघडं असतं, स्ट्रेचर कोणत्या लिफ्टमध्ये मावतं, जिन्याशी लावलेल्या दुचाकी कोण हलवणार? ही तालीम एकदा करूनच बघा. घरात न्हाणीघराला धरायचा दांडा लावून द्या, पायपुसणी आणि सतरंज्या उचला, न्हाणीघराची कडी आतून लावू नका म्हणून सांगा. सोसायटीतल्या सुताराचं हे एका दुपारचं काम आहे.

पैसा आणि कागद

इथे एक चिकट माणूस लागतो, ज्याला रांगेत उभं राहायचा कंटाळा येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना भरती होण्याआधीच भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागात जायचं. दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय आहे. पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना आणि मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्ष हे आणखी दोन दरवाजे. सगळे कागद एका फाइलमध्ये, पाच झेरॉक्स प्रतींसह.

वर्गणी काढायची तर घरच्यांना विचारून, थेट त्यांच्या खात्यात, आणि कुणी किती दिले ते जाहीर न करता. केस गेलेल्या डोक्याचे फोटो फिरवून पैसे मागू नका.

सांभाळणाऱ्याकडे लक्ष

रुग्णाची बायको, नवरा, मुलगी, जे कोणी रात्री जागतं, त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळायला हवी. त्या वेळी घरी कोण बसणार ते वहीत लिहा. काकू त्या वेळात झोपतील, बँकेत जातील नाहीतर बालगंधर्वला नाटक बघतील. 'घरी नवरा असा आणि ही नाटकाला' अशी कुजबुज कुणी केली तर त्याला पुढच्या रात्रपाळीला बसवावं. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांपासून आजार लपवायला मदत करू नका. त्यांना लिफ्टमध्ये सगळं ऐकू येतं. वर्गशिक्षकांना मात्र घरच्यांच्या संमतीने सांगून ठेवा.

उपचार थांबवायचं ठरलं तर

हा निर्णय त्या घराचा आणि डॉक्टरांचा. सोसायटीने त्यावर मत देऊ नये, विचारलं तरीही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथली सेवा मोफत आहे. दुखणं, उलट्या, भीती, झोप यांवर तिथे उपचार होतात, घरच्यांना सेवाशुश्रूषा शिकवतात. तिथे फक्त शेवटच्या दिवसांतच जायचं असतं अशी समजूत आहे. खरं तर कॅन्सरचे उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते, आणि लवकर गेलं तर जास्त उपयोग होतो.

या काळात माणूस दिवसाचा बराचसा वेळ झोपतो. भेटी आणखी लहान करा, रात्रपाळी वाढवा. हात धरून बसलं तरी चालतं. तो ऐकत नाही असं धरून त्याच्या खोलीत तेराव्याच्या गोष्टी करू नका.

आणि नंतर. तेरा दिवस माणसं असतात, चौदाव्या दिवशी घर रिकामं होतं. डब्याची पाळी आणखी दोन महिने चालू ठेवा. भाड्याने आणलेली कॉट परत करणं, मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती काढणं, बँक, विमा, गॅस आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलणं, या प्रत्येक कामाला काकूंबरोबर एक जण जायला हवा. उरलेल्या केमोच्या कॅप्सूल उघडू नका, कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. हॉस्पिटलच्या फार्मसीत नेऊन त्या कशा परत करायच्या ते विचारा.